तहरीर ते नवी राजधानी: लष्कर आणि ब्रदरहूडच्या खुणांमागून कैरो

पिरॅमिड पाहायला कैरोत येणाऱ्या माणसाला हाताशी एक आठवडा असेल, तर त्यातले काही दिवस अलीकडच्या इतिहासाला द्यावेत. २०११ मध्ये अठरा दिवसांच्या आंदोलनाने होस्नी मुबारक यांची तीस वर्षांची सत्ता गेली. २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे मोहम्मद मोर्सी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले. या सगळ्याच्या जागा शहरात एकमेकींपासून फार लांब नाहीत, आणि बऱ्याचशा मेट्रोने गाठता येतात.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात. आंदोलन सुरू झाले त्या २५ जानेवारीच्या आसपास हा फेरफटका आखू नका. त्या दिवसांत तहरीरभोवती साध्या वेशातले पोलीस रस्त्यात थांबवून फोन तपासतात, समाजमाध्यमांवरचे लिखाणही उघडून पाहतात. एरवीही पासपोर्ट खिशात ठेवावा. रस्त्यावर हौशी फोटो काढायला २०२२ पासून परवाना लागत नाही, पण लष्कर, पोलीस आणि सरकारी इमारतींचे फोटो काढायचे नाहीत. ड्रोन सामानात आणूच नये. साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची असते. टॅक्सीवाल्याशी, हॉटेलवाल्याशी राजकारण काढू नका. तुम्ही परत जाल, त्याला इथेच राहायचे आहे.

शनिवार: तहरीर

सुटीच्या सकाळी वाहने कमी असतात, म्हणून सुरुवात इथून. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाने ऑपेरा स्टेशनला उतरून कस्र-अल-नील पुलावरून चालत चौकात यावे. पुलाच्या दोन्ही तोंडांना सिंहांचे पुतळे आहेत. २८ जानेवारी २०११ ला, शुक्रवारच्या नमाजानंतर, याच पुलावर पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडून मोर्चा अडवला होता. इंटरनेट बंद होते, मोबाइलही चालत नव्हते. संध्याकाळपर्यंत पोलीस मागे हटले आणि रणगाडे आले. लोकांनी त्या रणगाड्यांवर चढून सैनिकांना मिठ्या मारल्या, कारण रोजचा छळ पोलिसांचा होता आणि लष्कराशी सामान्य माणसाचा थेट संबंध फारसा येत नसे.

ब्रदरहूडने २५ तारखेला संघटना म्हणून भाग घेतला नव्हता. २८ ला पूर्ण ताकदीने घेतला. २ फेब्रुवारीला घोडे-उंटांवर बसलेले मुबारक-समर्थक चौकात घुसले, तेव्हा मोर्चेबंदी टिकली त्यात ब्रदरहूडच्या शिस्तबद्ध तरुणांचा मोठा वाटा होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. १० फेब्रुवारीला सशस्त्र दलांच्या सर्वोच्च परिषदेने, म्हणजे 'स्काफ'ने, मुबारक यांच्याशिवाय बैठक घेतली आणि 'पत्रक क्रमांक एक' काढले. दुसऱ्या दिवशी मुबारक गेले. सरकारी चौकशी समितीनेच मृतांचा किमान आकडा ८४६ दिला. लष्करापुरते बोलायचे तर सुंठीवाचून खोकला गेला होता. मुबारक यांचा मुलगा गमाल आणि त्याच्या भोवतीचे उद्योगपती वारसा घेणार, हे सेनापतींना आधीपासूनच खुपत होते.

चौकाच्या उत्तरेला गुलाबी रंगाचे जुने इजिप्शियन संग्रहालय आहे. त्याच्या आणि नदीच्या मध्ये मुबारक यांच्या पक्षाचे मुख्यालय होते; २८ जानेवारीच्या रात्री ते जळाले आणि २०१५ मध्ये पाडण्यात आले. ९ मार्च २०११ ला लष्कराने चौक रिकामा केला, तेव्हा पकडलेल्यांना याच संग्रहालयाच्या आवारात मारहाण झाली. त्यांतल्या काही स्त्रियांची नंतर लष्करी तुरुंगात 'कौमार्य चाचणी' करण्यात आली. लष्करी गुप्तचर विभागाचे तेव्हाचे प्रमुख आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्देल फत्ताह अल-सिसी यांनी त्या चाचणीचे समर्थन केले होते. हे मुबारक गेल्यावर महिन्याभरात घडले. त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत जवळपास १२,००० नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालले; मुबारक यांच्या तीस वर्षांतही इतके चालले नव्हते.

मधोमध दिसतो तो रामसेस दुसरा याच्या काळातला स्तंभ २०२० मध्ये बसवला, शेजारी कर्नाकहून आणलेले मेंढ्याच्या तोंडाचे चार स्फिंक्स आहेत. २०११ च्या मृतांसाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारने इथे एक चौथरा उभारला होता. आंदोलकांनी तो चोवीस तासांच्या आत फोडला, कारण त्याच सरकारच्या पोलिसांनी आणखी शेकडो माणसे मारून तीन महिनेच झाले होते. चौकात बाके आहेत, गवत आहे आणि खासगी सुरक्षारक्षक आहेत. बसायला हरकत नाही, पण घोळक्याने थांबलात तर उठवतील.

आता पूर्वेला मोहम्मद महमूद रस्ता. अमेरिकन विद्यापीठाच्या भिंतीवरची आंदोलनाची चित्रे पुसली गेली, भिंतीचा एक भागही २०१५ मध्ये पाडला. तरीही हा रस्ता सावकाश चालावा, कारण माझ्या मते पुढचे सगळे इथेच ठरले. नोव्हेंबर २०११ मध्ये उपपंतप्रधान अली अल-सेल्मी यांनी भावी घटनेसाठी मूलतत्त्वांचा मसुदा पुढे केला. त्याचे ९ वे कलम असे की लष्कराशी संबंधित सर्व बाबी फक्त स्काफ पाहील आणि लष्कराचा खर्च देशाच्या अंदाजपत्रकात एकाच आकड्यात दाखवला जाईल. ब्रदरहूड आणि सलाफी, म्हणजे त्यांच्याहून कट्टर इस्लामी गट, त्याविरुद्ध १८ नोव्हेंबरला लाखोंनी तहरीरमध्ये उतरले आणि संध्याकाळी घरी गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी उरलेल्या मोजक्या आंदोलकांवर हल्ला केला, त्यातून या रस्त्यावर पाच-सहा दिवस लढाई पेटली. ४० हून अधिक माणसे मेली, कित्येकांचे डोळे छऱ्यांनी गेले. ब्रदरहूडने मात्र बाहेर राहायचे ठरवले, कारण २८ तारखेपासून संसदेची निवडणूक होती आणि ती त्यांना जिंकायची होती. जिंकलीही: जवळपास निम्म्या जागा ब्रदरहूडच्या आघाडीला, सुमारे पाव सलाफींना. पण त्या आठवड्यात जे तरुण एकटे पडले, ते पुढे ब्रदरहूडवर गोळ्या चालल्या तेव्हा धावून आले नाहीत.

रविवार: जमिनीखालचा इतिहास

आज मेट्रो. प्रत्येक गाडीत मधले डबे स्त्रियांसाठी असतात. तिकीट किती स्टेशने जाणार त्यावर ठरते आणि बाहेर पडताना पुन्हा लागते, म्हणून फेकून देऊ नका. सादात स्टेशनवरून पहिल्या मार्गाने उत्तरेला निघालात की ओळीने नासर, ओराबी आणि अल-शोहदा ही स्टेशने लागतात. दुसऱ्या मार्गावर सादातनंतर मोहम्मद नगीब. ओराबी, नगीब, नासर, सादात हे चौघेही लष्करी अधिकारी. अल-शोहदा म्हणजे 'हुतात्मे' हे नाव २०११ मधले. आधी त्या स्टेशनचे नाव मुबारक होते, म्हणजे तोही हवाई दलातलाच. नस्र सिटीतल्या रबा चौकातले मोर्सी-समर्थकांचे धरणे मोडून काढले त्या दिवशी, १४ ऑगस्ट २०१३ ला, सादात स्टेशन बंद केले ते थेट जून २०१५ मध्ये उघडले. शहराच्या एका मोठ्या अदलाबदलीच्या स्टेशनला जवळपास दोन वर्षे टाळे होते, ते फक्त तहरीरमध्ये गर्दी जमू नये म्हणून.

मोहम्मद नगीबला उतरून अबदीन राजवाड्यापुढच्या चौकात यावे. ९ सप्टेंबर १८८१ ला कर्नल अहमद ओराबी इथे पलटणी घेऊन तेव्हाचा राज्यकर्ता खेदिव तौफिक याच्यापुढे उभा राहिला. त्याच्या मागण्या तीन: मंत्रिमंडळ बरखास्त करा, लोकप्रतिनिधींची सभा बोलवा, आणि सैन्य १८,००० पर्यंत वाढवा. जनतेचा हक्क आणि लष्कराचा हिस्सा एकाच अर्जात मागण्याची रीत इतकी जुनी आहे. नासर आणि इतर लष्करी अधिकाऱ्यांनी २३ जुलै १९५२ ला राजेशाहीविरुद्ध केलेल्या उठावानंतर ती राज्यपद्धतीच झाली. नासर आणि ब्रदरहूड सुरुवातीला मित्र होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये अलेक्झांड्रियात नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९६६ मध्ये ब्रदरहूडचे विचारवंत सय्यद कुत्ब फासावर गेले.

अल-शोहदाला वर आलात की रामसेस चौक, रेल्वे स्टेशन आणि उंच मिनाराची अल-फतह मशीद. १६ ऑगस्ट २०१३ ला इथे मोर्चावर गोळीबार झाला. शेकडो जण मशिदीत अडकले आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ती रिकामी केली. फुटपाथवर रेटारेटी फार, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. इथेच पाण्याची बाटली घेतलीत तर 'साफी' आहे का पाहा. ती लष्कराच्या राष्ट्रीय सेवा प्रकल्प संस्थेची. ही संस्था १९७९ मध्ये, इस्रायलशी तह झाला त्या वर्षी, स्थापन झाली. 'क्वीन' मॅकरोनी तिचीच, महामार्गांवरचे 'वतनिया' पेट्रोलपंपही तिचेच. या व्यवसायांचा जमाखर्च संसदेपुढे येत नाही. अमेरिकेची वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत आहे ती वेगळी.

सोमवार: इस्माईलिया

रामसेसवरून रेल्वे आहे, पण ती रेंगाळते. बस किंवा मायक्रोबस बरी. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. रस्त्यावर तपासणी नाके असतात, परदेशी माणसाचा पासपोर्ट पाहतात. अर्धा तास जास्तीचा धरा.

सुएझ कालवा कंपनीच्या वसाहतीची हिरवी झाडे आणि लाकडी व्हरांड्याची घरे अजून आहेत. १९२८ मध्ये इथे हसन अल-बन्ना या शाळाशिक्षकाने कालव्यावरच्या सहा कामगारांसोबत मुस्लिम ब्रदरहूड स्थापन केली. पहिल्या मशिदीसाठी सुएझ कालवा कंपनीकडून ५०० पौंडांची देणगी आली होती, असे बन्ना यांनी स्वतःच नोंदवले आहे. सत्तेला शिव्या घालत बसण्यापेक्षा तिच्याकडून काम करून घ्यावे, ही त्यांची पद्धत पहिल्यापासूनची. बन्ना यांची १९४९ मध्ये कैरोत हत्या झाली.

२५ जानेवारी ही तारीखही इस्माईलियाचीच. १९५२ मध्ये त्या दिवशी ब्रिटिश फौजेने इथल्या पोलिसांना शस्त्रे टाकायला सांगितले, त्यांनी नकार दिला आणि सुमारे ५० पोलीस मारले गेले. म्हणून तो पोलीस दिन. २०११ मध्ये आंदोलकांनी तोच दिवस निवडला तो जाणूनबुजून.

दुपारी 'नमरा सित्ता' भागातल्या फेरीबोटीकडे जावे. मालवाहू जहाजे इमारतीसारखी समोरून सरकतात. नव्या समांतर कालव्याचे काम लष्कराच्या अभियांत्रिकी प्राधिकरणाच्या देखरेखीखाली एका वर्षात झाले: ३५ किलोमीटरची नवी खोदाई, ३७ किलोमीटरची रुंदी-खोली वाढवणे. ६ ऑगस्ट २०१५ ला उद्घाटन. पैसा लोकांकडूनच उभा केला, १२ टक्के व्याजाची प्रमाणपत्रे विकून ६४ अब्ज पौंड. बोटीच्या धक्क्यावर सैनिक असतात, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. ऑक्टोबर २०१४ च्या अध्यादेशाने पूल, रस्ते, वीजकेंद्रे यांसारख्या सार्वजनिक मालमत्तेवरचे गुन्हे लष्करी न्यायालयाच्या कक्षेत आले, त्यामुळे आंदोलनाच्या खटल्यातला विद्यार्थीही लष्करी न्यायाधीशापुढे जाऊ लागला.

मंगळवार: हेलिओपोलिस आणि नस्र सिटी

हा दिवस लांबचा. तिसऱ्या मार्गाने आधी कुल्लियत-अल-बनात स्टेशनला उतरावे. जवळच राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आहे आणि तिच्या दारातच पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्या हजारो भारतीय सैनिकांची नावे आहेत. मूळ स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिकला होते, ते अरब-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झाले. आपल्याकडून आलेल्याने इथे थोडा वेळ थांबावेच.

तिथून इत्तिहादिया राजवाडा. १९१० मध्ये हॉटेल म्हणून उघडलेली ही इमारत आता राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आहे. फोटो काढायचा नाही, रस्त्याच्या पलीकडून चालत पुढे जायचे. मोर्सी यांना निसटते ५१.७ टक्के मत मिळाले होते. मतदान चालू असतानाच, १७ जून २०१२ ला, स्काफने जाहीरनामा काढून कायदे करण्याचा आणि लष्कराविषयीचे सर्व निर्णय घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. संसद तीन दिवस आधी घटना न्यायालयाच्या निकालाने बरखास्त झाली होती. ५ ऑगस्टला सिनाईत रफाहजवळ १६ सैनिक मारले गेले. त्या नामुष्कीचा फायदा घेऊन मोर्सी यांनी १२ ऑगस्टला स्काफचे प्रमुख फील्ड मार्शल तंतावी यांना निवृत्त केले आणि संरक्षणमंत्री म्हणून नेमले सिसींना. तेव्हा बहुतेकांना वाटले, मुलकी सत्तेने लष्करावर मात केली. प्रत्यक्षात तरुण सेनापतींना म्हातारे सेनापती नकोच होते. मोर्सींच्या सहीने ते काम झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रदरहूडने घाईघाईने घटना मंजूर करून घेतली. तिचे १९५ वे कलम: संरक्षणमंत्री लष्करी अधिकाऱ्यांतूनच नेमला जाईल. १९८: लष्कराला हानी पोचवणाऱ्या गुन्ह्यांत नागरिकांवर लष्करी खटले चालू शकतील. १९७: लष्कराच्या अंदाजपत्रकाची चर्चा राष्ट्रीय संरक्षण मंडळात होईल. त्या मंडळाचे १५ सदस्य. ७ गणवेशातले, गुप्तचर प्रमुखही लष्करातून आला तर ८. सेल्मींच्या ज्या कलमाविरुद्ध वर्षापूर्वी तहरीर भरला होता, तेच ब्रदरहूडने स्वतःच्या घटनेत घातले. बदल्यात लष्कर आपल्याला राज्य करू देईल हा त्यांचा हिशेब होता. लष्कराने आवळा देऊन कोहळा काढला. आणि २२ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्याने स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या वर ठेवून मोर्सींनी उरलेसुरले मित्रही गमावले. ५ डिसेंबरला याच राजवाड्याबाहेर ब्रदरहूडच्या कार्यकर्त्यांनी धरणे उधळले; रात्रभरच्या हाणामारीत दोन्ही बाजूंची माणसे मेली.

३० जून २०१३ ला मोर्सींविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले आणि ३ जुलैला सिसींनी त्यांना हटवले. घोषणेच्या वेळी शेजारी अल-अझहर या सुन्नी धर्मपीठाचे प्रमुख इमाम, कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप, उदारमतवादी नेते मोहम्मद अल-बरादेई आणि सलाफी नूर पक्षाचे प्रतिनिधीही होते. म्हणून या सत्तांतराला 'लष्कर विरुद्ध इस्लाम' म्हणणे चूक. सलाफींचा मोठा गट लष्कराच्या बाजूला गेला.

इथून टॅक्सीने नस्र रस्त्यावरच्या अज्ञात सैनिक स्मारकाकडे जावे. पिरॅमिडच्या पोकळ आकाराच्या या स्मारकाखाली सादात यांची कबर आहे. समोरच्या बाजूला संचलनाचा सज्जा: ६ ऑक्टोबर १९८१ ला लेफ्टनंट खालिद इस्लामबुलीने सादात यांना इथेच मारले. तेव्हापासून लागू असलेला आणीबाणीचा कायदा ३१ मे २०१२ ला संपला. याच स्मारकाजवळ २७ जुलै २०१३ ला मोर्सी समर्थक ८० हून अधिक संख्येने मारले गेले.

त्याच रस्त्याने पुढे रबा अल-अदविया मशीद; मोर्सी-समर्थकांचे धरणे इथल्याच चौकात होते. चौकाला आता सरकारी वकील हिशाम बरकात यांचे नाव आहे. २०१५ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. हिशाम बरकात नावाचे मेट्रो स्टेशनही आहे, पण ते बरेच लांब आहे, तिथे उतरू नका. मशिदीची डागडुजी झाली आहे. चौकात उभे राहून वाहतूक पाहिलीत तर जागा किती अरुंद ते कळते: चारी बाजूंना आठ-दहा मजली घरे, आत येणारे रस्ते मोजके. १४ ऑगस्ट २०१३ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास त्या सगळ्या रस्त्यांनी एकदम चिलखती गाड्या आणि बुलडोझर आत आले. सुरक्षित बाहेर पडायची वाट देऊ असे जाहीर झाले होते, ती दिवसाच्या अखेरीपर्यंत मिळाली नाही. ह्यूमन राइट्स वॉचने एकट्या रबात किमान ८१७ मृतांची नोंद केली. सरकारच्याच मानवाधिकार परिषदेने ६३२ सांगितले, त्यात ८ पोलीस. पंचाऐंशी हजारांपर्यंत माणसे जिथे जमल्याचे सांगतात, तिथे गृहमंत्र्यांच्या सांगण्यानुसार १५ बंदुका सापडल्या. त्या दिवशी आणि नंतर मिन्या, असियुत, सोहागकडे सूड म्हणून ४० हून अधिक चर्चवर हल्ले झाले, ज्या ख्रिश्चनांचा रबाशी काही संबंध नव्हता. बरादेईंनी उपाध्यक्षपद सोडले. रबाच्या खटल्यात २०१८ मध्ये ७५ आंदोलकांना फाशी सुनावली. गोळी चालवणाऱ्या एकाही अधिकाऱ्यावर खटला नाही, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने त्या काळासाठी वरिष्ठ सेनापतींना स्काफच्या परवानगीशिवाय हातच लावता येत नाही. फोटो काढू नका, कोणाला काही विचारू नका, चार बोटे वर करून तर मुळीच उभे राहू नका. ती रबाची खूण आहे आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत.

बुधवार: नवी राजधानी

तिसऱ्या मार्गाचे टोक अदली मन्सूर. मोर्सींनंतर लष्कराने राष्ट्राध्यक्ष केलेल्या न्यायाधीशांचे नाव या स्टेशनला आहे. तिथून विजेवरची उपनगरी गाडी नव्या राजधानीकडे जाते. उतरल्यावर अंतरे पायी चालण्यासारखी नाहीत, बस किंवा टॅक्सी हवीच. पाणी आणि टोपी बरोबर घ्या, सावली मिळत नाही.

मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेले हे शहर कैरोच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर वाळवंटात आहे. ते बांधणाऱ्या कंपनीत ५१ टक्के भाग लष्कराच्या दोन संस्थांचा, ४९ टक्के गृहनिर्माण खात्याच्या प्राधिकरणाचा. सरकारी जमीन विकून येणारा नफा त्याच प्रमाणात वाटला जातो. ६ जानेवारी २०१९ ला सिसींनी एकाच संध्याकाळी अल-फत्ताह अल-अलीम मशीद आणि ख्रिस्तजन्म कॅथेड्रल यांचे उद्घाटन केले. दोन्ही आतून पाहता येतात का, ते त्या दिवशी दारावरच विचारावे. कधी सुरक्षेसाठी बंद असतात. संरक्षण मंत्रालयाचे 'ऑक्टॅगॉन' मात्र लांबूनच, आणि कॅमेरा पिशवीत ठेवून.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये घटनादुरुस्ती झाली. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहा वर्षे झाली, २०० व्या कलमात लष्कराला घटनेचे आणि लोकशाहीचे रक्षक ठरवले, आणि संरक्षणमंत्री नेमायला स्काफची संमती ही २०१४ मधली तात्पुरती अट कायमची केली. दोन महिन्यांनी, १७ जूनला, मोर्सी न्यायालयात बोलता बोलता कोसळून वारले. त्यांना नस्र सिटीत पहाटे घाईने पुरले. मुबारक फेब्रुवारी २०२० मध्ये वारले, त्यांना लष्करी इतमामात निरोप मिळाला.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर स्टेशनवरच पाहून ठेवा. ती चुकली तर रात्री कैरोपर्यंतची टॅक्सी महाग पडते आणि रस्त्यावर नाकाबंदीही असते.